तक्रार करण्याआधीची जागा: नोकरीतल्या अडचणीसाठी ओम्बुड्सची गोपनीय मदत कशी घ्यावी

ऑफिसात काही बिनसलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, "जाऊ दे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" आणि दुसरा, "सरळ एचआरला मेल टाक." पहिला ऐकला तर माणूस आतल्या आत कुढत राहतो. दुसरा ऐकला तर एकदा मेल गेल्यावर प्रकरण त्याच्या हातात उरत नाही. चौकशी लागते, समोरच्याला कळतं, टीममध्ये कुजबुज सुरू होते, आणि मग "मला एवढं नको होतं" असं वाटून काही उपयोग नसतो.

या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत, संयुक्त राष्ट्रांत, जागतिक बँकेत, एनआयएचसारख्या सरकारी संशोधन संस्थेत आणि काही बहुराष्ट्रीय कंपन्यांत ओम्बुड्स नावाचं छोटं कार्यालय असतं (तिथे बसणाऱ्या माणसालाही ओम्बुड्सच म्हणतात). तिथे जाऊन बोलता येतं, डोकं शांत करता येतं, कुठले रस्ते मोकळे आहेत ते समजून घेता येतं, आणि त्यातला कुठलाच रस्ता न धरता परतही येता येतं. बोस्टन, सिअ‍ॅटल किंवा जिनिव्हात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला आणि अशाच कंपन्यांच्या पुणे-मुंबईच्या ऑफिसांतल्या लोकांनाही ही सोय असू शकते. नोकरीला लागताना दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तिचा उल्लेख एका ओळीचा असतो, आणि वेळ येते तेव्हा ती ओळ कोणाला आठवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पायरी पहिली: नावावर जाऊ नका, सनद वाचा

ओम्बुड्स किंवा ओम्बुड्समन म्हणजे मराठीत लोकपाल, आणि या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. महाराष्ट्राचा लोकायुक्त 1971 च्या कायद्याने आला, त्याचा विषय सरकारी कारभार. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना आणि विमा लोकपाल ग्राहकांसाठी आहेत. यूजीसीने 2023 च्या नियमांनुसार विद्यापीठांना लोकपाल नेमायला सांगितला, तो विद्यार्थ्यांसाठी. नोकरीत तुमचा बॉस छळतो म्हणून यांपैकी कोणाकडे जाऊन उपयोग नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. काही कंपन्यांत एथिक्स हेल्पलाइनलाच ओम्बुड्स म्हणतात. तिथे तुम्ही जे सांगाल ती तक्रार म्हणून नोंदली जाते, तिला क्रमांक पडतो आणि चौकशी सुरू होते. ती यंत्रणाही गरजेची आहे, पण आपण ज्या ओम्बुड्सबद्दल बोलतोय तो हा नव्हे. इंटरनॅशनल ओम्बुड्स असोसिएशन ही या व्यवसायाची संघटना चार तत्त्वं मानते: गोपनीयता, स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा आणि अनौपचारिकता. चारही असतील तरच मनमोकळं बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे तपासायचं कसं? प्रत्येक चांगल्या कार्यालयाची एक सनद किंवा कार्यकक्षेचा कागद असतो आणि तो संस्थेच्या साइटवर मिळतो. त्यात तीन गोष्टी शोधा. हे कार्यालय कोणाला उत्तरदायी आहे? एचआर किंवा लीगलला असेल तर सावध व्हा, संस्थेच्या सर्वोच्च पदाला किंवा संचालक मंडळाला असेल तर बरं. ओम्बुड्स असलेल्या माणसाकडे दुसरं पदही आहे का? सकाळी एचआरचा व्यवस्थापक आणि दुपारी ओम्बुड्स असा प्रकार असेल तर कागदावरच्या गोपनीयतेला फारसा अर्थ नाही. आणि "इथे बोलणं म्हणजे संस्थेला कळवणं नव्हे" असं वाक्य स्पष्ट शब्दांत आहे का? या तिसऱ्या वाक्यावर सगळं उभं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत लैंगिक छळाबद्दल कानावर आलं की प्राध्यापकाला किंवा मॅनेजरला ते वर कळवावंच लागतं, तुमची इच्छा असो वा नसो. ओम्बुड्सला त्यातून बहुधा सूट असते, पण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असल्यामुळे विषयाला हात घालण्याआधी विचारून घ्या.

पायरी दुसरी: आधी कॅलेंडर उघडा

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, त्यामुळे थोडं थांबून वाचा.

ओम्बुड्सकडे जाणं म्हणजे तक्रार करणं नव्हे, हीच त्या कार्यालयाची ताकद आहे. त्याची दुसरी बाजू अशी की कायद्याने दिलेली तक्रारीची मुदत तुम्ही ओम्बुड्सशी बोलत असताना चालूच राहते. दोन-तीन भेटी होतात, मधे सुट्ट्या येतात, "बघू, नवीन प्रोजेक्टवर सुधारेल" म्हणून महिना जातो, आणि मग वकिलाकडे गेल्यावर कळतं की दार बंद झालं.

अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाची तक्रार ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे साधारण 180 दिवसांत करावी लागते. राज्यात किंवा शहरात तसाच कायदा राबवणारी यंत्रणा असेल तर 300 दिवस मिळतात. कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागाकडे तीन वर्षं आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं मात्र फार कडक: घटनेपासून 45 दिवसांत त्यांना आपल्या खात्यातल्या समान संधी समुपदेशकाला गाठावं लागतं, आणि तो समुपदेशक म्हणजे ओम्बुड्स नव्हे. असुरक्षित कामाबद्दल आवाज उठवला म्हणून कारवाई झाली तर ओशाकडे, म्हणजे कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय खात्याकडे, जायला केवळ 30 दिवस असतात. संयुक्त राष्ट्रांत प्रशासनाच्या निर्णयाचा फेरविचार मागायला 60 दिवस आहेत. तिथे ओम्बुड्सच्या कार्यालयामार्फत तडजोडीचा प्रयत्न चालू असेल तर ही मुदत वाढवता येते, पण ती आपोआप वाढेल असं धरून बसू नका.

भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या 2013 च्या कायद्यानुसार, म्हणजे ज्याला सगळे पॉश म्हणतात त्यानुसार, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. प्रसंग अनेक असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

आणि जे एच-1बी व्हिसावर आहेत त्यांनी एक आकडा पक्का लक्षात ठेवावा. नोकरी सुटली तर देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि आय-94, म्हणजे देशात राहण्याची परवानगी कधीपर्यंत आहे ते दाखवणारी नोंद, त्याआधी संपत असेल तर तितकेही नाहीत. रागाच्या भरात राजीनामा टाकून मग ओम्बुड्सकडे जाणारा माणूस या घड्याळाशी झुंजत असतो. राजीनाम्याच्या आधी जा. मेल ड्राफ्टमध्ये तयार असला तरी आधी जा.

तर करायचं असं: कागदावर घटनेची तारीख लिहा, तिच्यासमोर तुम्हाला लागू होणारी मुदत लिहा, आणि त्या मुदतीच्या बरीच आधी येणारी एक तारीख ठरवा. त्या दिवसापर्यंत अनौपचारिक मार्गाने काही हललं नाही तर औपचारिक तक्रार किंवा वकील. ही तारीख ओम्बुड्सलाही सांगून ठेवा.

पायरी तिसरी: भेट ठरवताना

ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या मेलवरून सविस्तर काही लिहू नका. त्या मेलवर मालकी कंपनीची असते, आणि चांगलं ओम्बुड्स कार्यालय स्वतःच सांगतं की मेलवर तपशील पाठवू नका, फक्त वेळ मागा. स्वतःच्या फोनवरून फोन करा. ऑफिसच्या कॅलेंडरवर "ओम्बुड्स मीटिंग" असं लिहून ठेवू नका, कारण टीममधल्या कोणालाही ते दिसू शकतं. "डॉक्टर" किंवा नुसतं "खासगी" पुरेसं आहे.

नाव न सांगता सुरुवात करता येते का, हे विचारायला लाजू नका. बऱ्याच ठिकाणी चालतं. "माझ्या विभागात असं असं आहे, तुमच्याकडे येऊन उपयोग होईल का?" एवढ्यावरही पहिला फोन होऊ शकतो.

आणि कृपा करून, भेटीआधी हा विषय महाराष्ट्र मंडळाच्या किंवा बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. परदेशात आपली वर्तुळं लहान असतात. तुमच्या मॅनेजरची बायको आणि तुमची मैत्रीण गणपतीच्या एकाच कमिटीत असू शकतात. ओम्बुड्सची गोपनीयता त्यांच्या बाजूने असते, तुमच्या बाजूची तुम्हालाच सांभाळावी लागते.

पायरी चौथी: एक पान लिहून न्या

मन भरून आलेलं असतं तेव्हा माणूस निष्कर्ष सांगतो, घटना सांगत नाही. "सर माझा सारखा अपमान करतात, माझं काम स्वतःच्या नावावर खपवतात" हे खरं असेलही, पण ऐकणाऱ्याला त्यात पकडायला काही सापडत नाही. तेच असं लिहा:

"4 मार्च, साप्ताहिक मीटिंग, आठ जण हजर. मी टेस्टिंगचा अहवाल मांडत होतो. सर म्हणाले, ‘हे कॉलेजचं प्रोजेक्ट नाही, बस खाली.’ 11 मार्च, तोच अहवाल क्लायंटला गेला, माझं नाव काढलेलं. 13 मार्च, मी वन-ऑन-वनमध्ये विचारलं, उत्तर मिळालं, ‘अप्रायझल जवळ आलंय, लक्ष तिकडे दे.’"

काय झालं, कधी, कोण हजर होतं, त्यावर तुम्ही काय केलंत. विशेषणं काढून टाका, शब्द जसेच्या तसे ठेवा. पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी हव्यात. तुम्हाला काय झालेलं चालेल, आणि काय अजिबात चालणार नाही. "टीम बदलून मिळाली तरी पुरे" आणि "माझं नाव सांगून कोणी सरांशी बोलायचं नाही" या दोन ओळींनी पुढची सगळी चर्चा सोपी होते.

पुरावा गोळा करताना दोन पथ्यं पाळा. कंपनीच्या फाइली, क्लायंटची माहिती, कोड स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, त्यावरून तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत, त्याच दिवशी केलेली नोंद पुष्कळ मोलाची असते. दुसरं, चोरून रेकॉर्डिंग करू नका. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, नाहीतर तो गुन्हा होतो. ओम्बुड्सचं बोलणं तर कुठेच रेकॉर्ड करू नका.

पायरी पाचवी: पहिली भेट

पहिली पाच मिनिटं ते बोलतात. आम्ही काय आहोत, काय नाही, गोपनीयतेला अपवाद काय. अपवाद सहसा एकच असतो: कोणाच्या जिवाला किंवा शरीराला तातडीचा गंभीर धोका आहे असं ओम्बुड्सना वाटलं तर ते गप्प बसणार नाहीत. याखेरीज एक प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा: "उद्या कोर्टात खेचलं तर तुमच्या टिपणांचं काय होतं?"

याचं उत्तर गुळगुळीत नाही. ओम्बुड्स सहसा ओळख पटेल अशी नोंद ठेवत नाहीत, टिपणं काम झाल्यावर नष्ट करतात, आणि साक्ष द्यायला नकार देतात. पण वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जे कवच आहे, ते ओम्बुड्सना सर्वत्र मिळालेलं नाही. अमेरिकेत मॅकडोनेल डग्लस या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्याच दोन खटल्यांत दोन वेगळे निकाल लागले. 1991 मध्ये मिसुरीतल्या केंद्रीय न्यायालयाने ओम्बुड्सशी झालेलं बोलणं उघड न करण्याचा दावा मान्य केला. 1997 मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तसा विशेषाधिकार मानायला नकार दिला. म्हणून प्रकरण कोर्टात जाण्याची दाट शक्यता असेल तर आधी वकिलाशी बोला आणि मग ओम्बुड्सकडे जा. प्रामाणिक ओम्बुड्स तुम्हाला हेच सांगेल.

मग तुमची पाळी. साधारण असं बोलणं होतं:

"मला तक्रार करायची नाहीये, पण हे असंच चालू राहिलं तर मी टिकणार नाही."

"ठीक आहे. सहा महिन्यांनी सगळं नीट झालंय असं समजा. काय वेगळं असेल?"

"सर सगळ्यांसमोर बोलणार नाहीत. काही सांगायचं ते केबिनमध्ये सांगतील."

"त्यांना हे कोणी कधी सांगितलंय का?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून बरेच जण चपापतात, कारण कोणीच सांगितलेलं नसतं. ओम्बुड्स तुमची बाजू घेत नाही आणि समोरच्याचीही घेत नाही. आपल्या लोकांना हे सुरुवातीला खटकतं. आपण मोठ्या माणसाकडे गाऱ्हाणं घेऊन जातो ते त्यांनी न्याय करावा म्हणून. इथे न्यायनिवाडा होत नाही. ओम्बुड्सला चौकशीचा अधिकार नाही, कोणाची बदली करण्याचा नाही, पीआयपी (कामगिरी ठराविक मुदतीत सुधारा, असं सांगणारी कंपनीची लेखी योजना) थांबवण्याचा नाही, आणि व्हिसाबद्दल किंवा कायद्याबद्दल सल्लाही ते देत नाहीत. त्यांच्याकडे वेळ असतो, संस्थेची बारकाईने माहिती असते, आणि वरपर्यंत कोणाच्याही दारावर टकटक करण्याची मुभा असते.

इंग्रजीत भावना नीट मांडता येत नाहीत असं वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. सावकाश बोलायला, लिहून आणलेलं वाचून दाखवायला कोणी हरकत घेत नाही. रडू आलं तरी चालतं, त्या खोलीला त्याची सवय असते.

पायरी सहावी: रस्ता निवडणं

पहिल्या भेटीच्या शेवटी सहसा बरेच पर्याय समोर असतात. स्वतः बोलणं किंवा लिहिणं. ओम्बुड्सने तुमच्या परवानगीने दोघांमध्ये निरोपांची ने-आण करणं. दोघांना एकत्र बसवून मध्यस्थी. नाव न घेता वरिष्ठांच्या कानावर घालणं. औपचारिक तक्रार. आणि काहीच न करणं, हाही पर्याय आहे.

यातल्या पहिल्याकडे आपण फार कमी लक्ष देतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. मेरी रो यांनी 1973 पासून चार दशकं एमआयटीत हे काम केलं आणि या व्यवसायाला आकार दिला. तक्रारदाराच्या हातात निर्णय राहिला पाहिजे आणि त्याच्यापुढे एकापेक्षा जास्त पर्याय असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. त्यांनी सुचवलेलं एक साधन म्हणजे त्रास देणाऱ्याला लिहायचं खासगी पत्र, तीन भागांचं: नुसत्या घटना, त्याचा माझ्यावर झालेला परिणाम, आणि यापुढे काय व्हावं.

समजा, पुण्याहून अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत गेलेली एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारी, आहे. पेपरवर पहिलं नाव तिचं असणार असं ठरलं होतं आणि मसुद्यात ती तिसरी निघाली. प्रयोगशाळाप्रमुखाच्या शिफारसपत्रावर तिची पुढची नोकरी अवलंबून आहे, त्यामुळे भांडण परवडणारं नाही. ओम्बुड्सबरोबर बसून ती साधारण असं लिहील:

"12 जूनला आपलं बोलणं झालं तेव्हा इमेजिंगचा भाग मी पूर्ण केला तर प्रथम लेखक मी असेन असं ठरलं होतं. तो भाग मी 30 सप्टेंबरला दिला. 18 नोव्हेंबरच्या मसुद्यात माझं नाव तिसरं आहे.

हे पाहून मला वाईट वाटलं आणि काळजीही वाटली, कारण पुढच्या वर्षीच्या माझ्या अर्जांना या पेपरचा मोठा आधार आहे.

लेखकांचा क्रम कसा ठरला हे समजून घ्यायला मला तुमचा अर्धा तास हवा आहे. तोवर मसुदा जर्नलकडे पाठवू नये ही विनंती."

यात एकही आरोप नाही. "तुम्ही फसवलंत" असं कुठे म्हटलेलं नाही, आणि तरी एकही गोष्ट गिळलेली नाही. समोरच्याला मागे सरकायला जागा आहे. आणि उद्या प्रकरण वाढलंच तर तिने वेळेवर, सभ्यपणे, लेखी सांगितलं होतं याची नोंद राहते. असं पत्र पाठवायचंच असंही नाही. लिहिता लिहिताच आपल्याला नेमकं काय हवंय ते उमगतं, आणि कधी कधी तेवढ्यावर समोरासमोर बोलण्याची हिंमत येते. याच प्रकरणात ओम्बुड्स तिला हेही सांगू शकेल की वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष देते, पण क्रम लेखकांनी मिळून ठरवायचा असं म्हणते. म्हणजे क्रमावर चर्चा मागणं हा उद्धटपणा ठरत नाही.

मध्यस्थीबद्दल एकच सावधगिरी. ती दोघांची ताकद थोडीफार तरी सारखी असेल तिथे चालते. मारहाण, धमकी, लैंगिक छळ अशा प्रकरणांत "समोरासमोर बसून मिटवून टाका" असं कोणीही सुचवलं तर नाही म्हणा. पॉश कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण ती केवळ तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः मागितली तरच, आणि पैसे घेऊन समेट करायला कायद्याची मनाई आहे.

नाव न घेता वर कळवण्याचा पर्याय लोक क्षुल्लक समजतात, माझ्या मते उगीचच. एकाच विभागातून वर्षभरात चार जण वेगवेगळे आले, तर ओम्बुड्स कोणाचंही नाव न घेता "त्या विभागात काहीतरी बिघडलंय" हे सर्वोच्च पातळीवर सांगू शकतो. मात्र तुमची टीम तीन जणांची असेल तर नाव न घेताही ओळख पटते, तेव्हा काय सांगायचं आणि काय गाळायचं ते एकेक वाक्य धरून ठरवून घ्या.

ओम्बुड्स नसेल तर

भारतातल्या बहुतेक ऑफिसांत असं स्वतंत्र कार्यालय नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. काय काय आहे ते बघा, पण प्रत्येक ठिकाणी गोपनीयता किती ते आधी समजून घ्या.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पॉश कायद्याखालची अंतर्गत समिती असावीच लागते. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. इथे नावं जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, पण तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला जाते. म्हणजे जगापासून गोपनीय, समोरच्यापासून नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे बायकांना मागाहून धक्का बसतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्यानुसार गैरव्यवहार कळवण्याची यंत्रणा ठेवावी लागते, आणि योग्य प्रकरणात थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाण्याची सोयही. पैशांची अफरातफर, खोटी बिलं यांसाठी हा रस्ता आहे. बॉस ओरडतो यासाठी तो वापरू नका, प्रकरण तिथेच पडून राहील. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तिच्यानुसार या समितीकडे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो.

या कोणाकडेही जाण्याआधी ओम्बुड्सच्या खोलीत जे झालं असतं ते बऱ्याच अंशी स्वतः करता येतं. ते एक पान, तो तीन भागांचा मसुदा, ती ठरवलेली तारीख, आणि ऑफिसच्या बाहेरचा एक शहाणा माणूस जो तुम्हाला "त्यांना हे कोणी कधी सांगितलंय का?" असं विचारू शकेल. जुना बॉस, युनियनचा माणूस, नोकरीच्या कायद्यातला वकील, कोणीही. झोप उडाली असेल, भलतेसलते विचार येत असतील तर अशा माणसाची वाट बघत बसू नका. मानसिक आधारासाठी भारतात टेली-मानस या हेल्पलाइनचा 14416 आणि अमेरिकेत 988 हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.

त्यानंतरचे आठवडे

एका भेटीत प्रकरण क्वचितच संपतं. पहिली भेट झाली की दुसरीची वेळ तिथेच घ्या, तीन-चार आठवड्यांनंतरची. मधल्या काळात वहीत नोंदी चालू ठेवा, सुधारणा झाली असेल तर तीही लिहा. सर एकदा खरोखरच केबिनमध्ये बोलावून बोलले, हेही नोंदवण्यासारखं आहे.

आणि लक्ष ठेवा ते सूड उगवला जातोय का यावर. तो सहसा उघडपणे येत नाही. मीटिंगच्या आमंत्रणातून नाव गळतं, सुट्टी नामंजूर होऊ लागते, आतापर्यंत चांगल्या असलेल्या अप्रायझलमध्ये अचानक "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा पडतो, महिन्याभरात पीआयपीचा कागद हातात येतो. प्रत्येक गोष्टीची तारीख लिहा, आधीचं अप्रायझल काय होतं ते शेजारी लिहा, आणि लगेच ओम्बुड्सला फोन करा. पण इथे फोनवर थांबू नका. मूळ घटनेबद्दल तुम्ही तक्रार केली नसेल तरी सूडबुद्धीने झालेली कारवाई ही बऱ्याच कायद्यांत स्वतंत्र तक्रार असते. तिची मुदत त्या नव्या तारखेपासून नव्याने सुरू होते, म्हणून कॅलेंडर पुन्हा उघडा आणि या वेळी वकिलाची भेट त्याच आठवड्यात ठरवा.